डबी परत येईल का?

पत्र थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागात सहायक प्राध्यापक असलेल्या एका डॉक्टरांचं हे पत्र आहे. नोकरी अजून कंत्राटी. त्यांच्या ओपीडीत उजव्या ओटीपोटात दुखणं, उतरलेलं वजन, अधूनमधून ताप अशा तक्रारींचे पेशंट सतत येतात. कोलोनोस्कोपीत लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे जखमा दिसतात आणि नेहमीचा पेच उभा राहतो: हा आतड्याचा क्षय की क्रोन्स, म्हणजे जंतुसंसर्ग नसताना आतड्यात दीर्घकाळ सूज आणि जखमा करणारा आजार? शौचाच्या नमुन्यातलं कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याला सूज असली की वाढणारं प्रथिन) मोजून हा पेच लवकर सुटेल का, हे त्यांना तपासायचं आहे. त्यासाठी एका व्यावसायिक संघटनेच्या पाच लाखांच्या पायलट (प्राथमिक चाचपणीच्या) ग्रँटला त्यांनी गेल्या वर्षी अर्ज केला होता. तो एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला: ‘सॅम्पल साईझचं समर्थन नाही.’ यंदाची मुदत पाच आठवड्यांवर आहे. विभागप्रमुख म्हणतात, ‘पाच लाखांत काय होतंय? आणि करायचंच असेल तर पीआय (मुख्य संशोधक) म्हणून माझं नाव टाका.’ घरचे म्हणतात, तेवढ्या वेळात संध्याकाळचा दवाखाना सुरू कर. डॉक्टर विचारतात: ‘पुन्हा अर्ज करू, की आधी चार पेपर करून थेट आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे) जाऊ? एवढ्याशा पैशांत नाव घेण्यासारखं काही निघतं का?’

नमस्कार डॉक्टर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही सोबत पाठवलेला गेल्या वर्षीचा अर्ज शेजारी ठेवला होता. पत्र झकास आहे. अर्ज तितका नाही, आणि गंमत अशी की अर्जात जे हवं होतं ते सगळं पत्रात आहे.

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय, की एका बाईंना दोन महिन्यांनी शौचाचा नमुना घेऊन बोलावलं होतं, पण दसरा झाला, मुकादमाची उचल घेतलेली होती, त्या कोयता घेऊन कारखान्यावर गेल्या आणि थेट उन्हाळ्यात परतल्या. अर्जात या बाईंचा मागमूस नाही. तिथे आहेत चाळीस पेशंट, वीस क्षयाचे आणि वीस क्रोन्सचे, सगळे वेळेवर येणारे, सगळे नमुना आणणारे. असे पेशंट मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नाहीत. अर्ज तपासणाऱ्यांनीही पाहिलेले नसतात.

आधी त्या शेऱ्याविषयी. तुम्ही त्याचा अर्थ ‘चाळीस कमी आहेत, साठ करा’ असा घेतला आहे, आणि साठ पाच लाखांत बसत नाहीत म्हणून हताश झाला आहात. मी अशा छाननी समित्यांवर बसले आहे. तिथे ‘समर्थन नाही’ लिहिणारा माणूस बहुतेक वेळा आकडा वाढवा असं सांगत नसतो. हा आकडा कशासाठी निवडला, एवढंच तो विचारत असतो. तुमच्या अर्जात चाळीस का, याचं उत्तर ‘परवडतात म्हणून’ एवढंच निघतं.

हिशेब करून बघा. समजा वीस क्रोन्सच्या पेशंटपैकी सोळा जणांत तुमची तपासणी बरोबर निघाली. ऐंशी टक्के. ऐकायला छान. पण माणसं वीसच असल्यामुळे ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर खरा आकडा साधारण ५६ ते ९४ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. ५६ म्हणजे जवळजवळ नाणेफेक आणि ९४ म्हणजे रोज वापरावी अशी तपासणी. पाच लाख आणि एक वर्ष खर्च करून आपण जिथे होतो तिथेच. चाळीसचे साठ केले तरी फार फरक पडत नाही. हा प्रश्न या पैशांचा नाहीच.

पायलट म्हटलं की मोठ्या अभ्यासाची छोटी आवृत्ती करायची, हा समज इतका पक्का बसलेला आहे की मीही पहिली दोन प्रपोजलं तशीच लिहिली होती. आचारी पहिला घाणा टाकतो तो पंगतीत वाढायला नव्हे, तेल तापलंय का ते बघायला. तपासणी चांगली आहे का, हे मोठा अभ्यास ठरवेल. तो अभ्यास तुमच्या गावात, तुमच्या पेशंटवर, तुमच्या फ्रीजरमध्ये उभा राहतो का आणि उभा राहिलाच तर कुठे मोडतो, हे पायलटने शोधायचं. तुमच्याकडे तो कुठे मोडेल हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे: शौचाच्या नमुन्याची दुसरी डबी परत येण्यापाशी.

म्हणून माझा सल्ला: अर्ज याच वर्षी करा, पण प्रश्न बदला. ‘कॅल्प्रोटेक्टिनने क्षय आणि क्रोन्स वेगळे ओळखता येतात का’ हे मोठ्या अभ्यासासाठी राखून ठेवा. पायलटचा प्रश्न असा: क्षयाची औषधं सुरू केलेल्या अशा पेशंटपैकी किती जण सुरुवातीला आणि दोन महिन्यांनी, तपासता येईल अशा अवस्थेत नमुना देतात? किती जणांची दुसरी कोलोनोस्कोपी वेळेत होते? जे गळतात ते कुठे आणि का गळतात?

दोन महिने का, हे तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. क्षय असेल तर औषधं सुरू झाल्यावर दोन महिन्यांत आतड्यातल्या जखमा भरताना दिसतात. क्रोन्स असेल तर पेशंटला बरं वाटलं तरी जखमा सहसा तशाच राहतात. बायॉप्सीत क्षयाचे जंतू फार थोडे असतात, त्यामुळे ते जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणीही पुष्कळदा निगेटिव्ह येते. म्हणून आपल्याकडे अनेकदा आधी क्षयाची औषधं देऊन बघावी लागतात, आणि त्यात क्रोन्सच्या पेशंटचे महिने वाया जातात. तुमचा विषय खरा आहे, गरजेचा आहे, याबद्दल मला शंका नाही.

आता तोच आकड्यांचा हिशेब नव्या प्रश्नाला लावा. तीस पेशंट घ्या. समजा चोवीस जणांनी दोन्ही नमुने दिले. ऐंशी टक्केच, पण या वेळी खरा आकडा ६१ ते ९२ यांच्यामध्ये आहे. पसारा आहेच, तरी निर्णयाला पुरतो. कारण तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं असेल की निम्म्याहून कमी नमुने आले तर मोठा अभ्यास या पद्धतीने करायचा नाही, आणि ६१ ही खालची मर्यादा निम्म्याच्या वर आहे. हे झालं सॅम्पल साईझचं समर्थन. चार ओळी पुरतात. शिवाय मधला टप्पा लिहा: निम्मे ते सत्तर टक्के आले तर पद्धतीत काय बदलणार, सत्तरच्या वर आले तर पुढे कोणाकडे अर्ज करणार. हे आकडे तुमचे तुम्ही ठरवायचे असतात. मात्र ते काम सुरू होण्याआधी ठरवायचे.

तीस तरी मिळतील का? इथे कोणाच्या अंदाजावर जाऊ नका, स्वतःच्याही नाही. एन्डोस्कोपी रूममधलं ते लांबट रजिस्टर काढा, गेल्या बारा महिन्यांची पानं उलटा आणि उजव्या बाजूच्या जखमांची नावं महिन्यावार मोजा. चार संध्याकाळींचं काम आहे. सोबत रेसिडेंट घेऊ नका, स्वतः मोजा. कारण मोजताना तुम्हाला आणखी काही दिसेल. ऑक्टोबर ते मार्चची पानं इतरांपेक्षा रिकामी आहेत का? तालुक्यांची नावं कोणती? फोन नंबरच्या रकान्यात नंबर आहे की ‘नातेवाईक’ एवढंच लिहिलंय?

जो आकडा येईल त्याचा निम्मा धरा. लुई लसाग्ना नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाच्या नावाने एक विनोदी नियम सांगितला जातो: ज्या दिवशी तुमचा अभ्यास सुरू होतो त्या दिवसापासून त्या आजाराचे पेशंट यायचे थांबतात आणि अभ्यास संपला की पुन्हा रांग लागते. विनोद खरा, पण त्याला कारण असतं. रजिस्टरमधल्या प्रत्येक नावातून संमती न देणारे, आधीच औषधं सुरू करून आलेले, पुण्या-मुंबईला निघून गेलेले वजा होत जातात.

वर्षाचाही हिशेब असाच उलटा करा. शेवटचा महिना अहवालाला. त्याआधीचा एक नमुने तपासायला. शेवटच्या पेशंटला दोन महिने पूर्ण व्हायला हवेत. सुरुवातीचे दोन-तीन महिने पैसे महाविद्यालयाच्या खात्यात येऊन खरेदी होण्यात जातात. म्हणजे पेशंट घ्यायला हातात राहतात पाच, फार तर सहा महिने. तीस हवे असतील तर महिन्याला पाच-सहा. रजिस्टर तेवढे देत नसेल तर शेजारच्या जिल्ह्यातलं दुसरं रुग्णालय सोबत घ्या किंवा तीसचे वीस करा आणि खालची मर्यादा पुन्हा मोजा. आणि हे सहा महिने कोणते, हा तुमच्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न आहे. मार्च-एप्रिलपासून पेशंट घेतलेत तर टोळ्या परतलेल्या असतात. सप्टेंबरात घेतलेत तर दुसरी डबी उसाच्या फडात.

खरं सांगायचं तर मी तुमच्या जागी असते तर सप्टेंबरातही काही पेशंट मुद्दाम घेतले असते. तुमच्या भागातला मोठा अभ्यास ऊसतोड मजुरांना वगळून करायचा तर तो कोणाच्या कामाचा? क्षयाचं निदान झालेल्या पेशंटची नोंद निक्षय या सरकारी पोर्टलवर असते. त्याच नोंदीवर त्याचे उपचार दुसऱ्या जिल्ह्यात पुढे चालू ठेवता येतात आणि पोषणाचे पैसे (नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये) बँक खात्यात जमा होतात. म्हणजे तो माणूस यंत्रणेला दिसत असतो. तुमच्या जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना आत्ताच भेटा. कारखान्याच्या भागातल्या सुपरवायझरमार्फत दुसरा नमुना गोळा करता येईल का, ते विचारा आणि त्यांचं सहकार्याचं पत्र अर्जाला जोडा. पाच जणांवर जरी हे करून बघितलं, तरी मोठ्या शहरातल्या कुठल्याही संस्थेच्या अर्जात नसलेली गोष्ट तुमच्या अर्जात असेल.

हे इतकं सांगायचं कारण, तुमच्या अर्जातलं दुसऱ्या परिच्छेदातलं वाक्य: ‘भारतात असा अभ्यास झालेला नाही.’ काढून टाका. क्षय की क्रोन्स या प्रश्नावर दिल्लीच्या एम्समध्ये, चंदीगडच्या पीजीआयमध्ये, वेल्लोरच्या सीएमसीत वर्षानुवर्षं काम चालू आहे, आणि आतड्याच्या क्षयात कॅल्प्रोटेक्टिन मोजूनही झालं आहे. तुमचा अर्ज वाचणारा त्यांपैकीच एखाद्या पेपरचा लेखक असण्याची शक्यता बरीच. नवेपणा सिद्ध करायचाच तर ‘हे काम जिथे झालं तिथले पेशंट आणि माझे पेशंट यांत हा फरक आहे’ असं लिहा. तो तुमच्याकडे भरपूर आहे.

आणि ‘आमच्याकडे लॅब नाही’ हे वाक्य तुम्ही माफी मागितल्यासारखं तीनदा लिहिलंय. बायोकेमिस्ट्रीत एलायझा रीडर (अशा किटच्या प्लेटवरचे आकडे वाचणारं यंत्र) आहे, असंही लिहिलंय. मग आहे की लॅब! हवंय ते कागदावरचं नियोजन. कॅल्प्रोटेक्टिनच्या किटमध्ये ९६ खळ्यांची प्लेट असते. ताळा घ्यायला लावायचे स्टँडर्ड आणि कंट्रोल वजा केले आणि प्रत्येक नमुना दोनदा लावला, तर एका प्लेटवर साधारण चाळीस नमुने बसतात. तुमचे तिसांचे दोन म्हणजे साठ नमुने. दोन किट लागतील, आणि ती शेवटी एकदम लावायची, येईल तसा एकेक नमुना नाही. तोवर नमुने उणे वीसला. फ्रीजरला रात्रीची वीज आहे का, जनरेटरवर आहे का, सुट्टीच्या दिवशी किल्ली कोणाकडे असते, हे अर्जात लिहा. हसू नका. असली वाक्यं वाचून समितीवरचे लोक माना डोलावतात.

किट मात्र घाई करून मागवू नका. माझ्या आयुष्यातली पहिली छोटी ग्रँट मी अशीच घालवली. मार्चअखेर पैसे परत जातील या धास्तीने, एथिक्स कमिटीची मंजुरी हातात नसताना, आधी किट मागवली. कमिटीची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली. मंजुरीचं पत्र आलं त्या आठवड्यात मी फ्रीज उघडून खोक्यावरची तारीख बघितली आणि तशीच फ्रीजसमोर स्टुलावर बसून राहिले. आमचे लॅबमधले मामा म्हणाले, ‘मॅडम, दह्यासारखं असतंय हे, लावल्यावर लगेच खावं.’ पुढचं वर्ष खुलासे लिहिण्यात गेलं.

नमुना टिकण्याबद्दल एक छोटा, पण चांगला प्रयोग तुमच्या पायलटमध्ये बसतो. कॅल्प्रोटेक्टिन खोलीच्या तापमानाला काही दिवस टिकतं असं किटच्या माहितीपत्रकात वाचाल. खरं आहे, पण ज्या खोलीत ते तपासलं ती खोली मराठवाड्यातली मे महिन्यातली नव्हती. दहा नमुने घ्या, प्रत्येकाचे दोन भाग करा, एक लगेच फ्रीजरमध्ये ठेवा, दुसरा तीन दिवस वॉर्डच्या खिडकीपाशी तापमानाची नोंद करत ठेवून मग फ्रीजरमध्ये. दोन्हींचे आकडे जुळतात का बघा. चाळीस-बेचाळीस अंशांत पिशवीत घेऊन एसटीने तीन तास आलेल्या डबीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे यातून कळेल. यासाठी लागतात फक्त वीस खळी जास्त, दोनदा लावायचे म्हणून चाळीस. साठ नमुन्यांचे दोन किट तुम्ही घेतच आहात. त्यात ही जागा जवळपास निघते.

एथिक्सबाबत एकच गोष्ट, पण पक्की: दुसरी कोलोनोस्कोपी तुमच्याकडे उपचाराचा नेहमीचा भाग आहे की अभ्यासासाठी म्हणून करणार आहात? अर्जात दोन ठिकाणी दोन वेगळी वाक्यं आहेत. नेहमीचा भाग असेल तर तसं ठामपणे लिहा. अभ्यासासाठी असेल तर तिचा खर्च ग्रँटमधून, धोका संमतीपत्रात. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठीच्या तपासण्यांचा भार सहभागी माणसावर टाकता येत नाही. तसंच, कॅल्प्रोटेक्टिनचा आकडा बघून कोणाचेही उपचार बदलणार नाही, हेही लिहा. सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत) नोंद पहिला पेशंट घेण्याआधी करून टाका. निरीक्षणात्मक अभ्यासाला ती सक्तीची नाही, पण उपचारांच्या चाचण्या करणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावं, की १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

आता विभागप्रमुखांविषयी. तुमच्या पत्रात त्यांच्यावर राग आहे, आणि तो कदाचित बरोबरही असेल. पण आधी जाहिरात पुन्हा वाचा. बऱ्याच ग्रँटना पीआय नियमित नोकरीत असावा लागतो. तुमची ऑर्डर ३६४ दिवसांची आणि ग्रँट वर्षभराची, तर अर्ज गुणवत्तेपर्यंत पोचायच्या आधीच कार्यालयीन छाननीत पडेल. उद्या बदली झाली किंवा तपासणीसाठी दुसऱ्या महाविद्यालयात हजेरी लावायला पाठवलं, तर तुमच्या फ्रीजरचं आणि पेशंटचं काय, हाही समितीचा रास्त प्रश्न आहे. विभागात कायम असणारं एक नाव अर्जावर लागेलच.

तेव्हा जाहिरातीत कंत्राटी शिक्षक चालत असतील तर तुम्ही पीआय आणि सर सहसंशोधक, हा पहिला प्रस्ताव. चालत नसतील तर सर पीआय, पण कोण काय करणार आणि पेपरवर कोणाचं नाव कुठे येणार, हे आधी ठरलेलं. त्यासाठी भांडायला नको. दुपारी ओपीडी संपल्यावर चहा घेताना विचारा: ‘सर, हिशेब आणि सह्या तुमच्याकडे, पेशंट आणि लिखाण माझ्याकडे, पहिलं नाव माझं, शेवटचं तुमचं. चालेल ना?’ ते ‘हो’ म्हणाले की त्याच संध्याकाळी ‘आज ठरल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून दोन ओळींचा ईमेल पाठवा. नुसतं विभागप्रमुख असणं किंवा पैसे मिळवून देणं हा लेखक होण्याचा निकष नाही, असं वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचे आंतरराष्ट्रीय निकष स्पष्ट सांगतात. पण सरांनी अभ्यासाच्या आराखड्यात खरी भर घातली, पेपर वाचून सुधारला, शेवटच्या मसुद्याला मान्यता दिली आणि त्याची जबाबदारी घेतली तर ते लेखकच आहेत. तशी संधी त्यांना द्या. ‘पाच लाखांत काय होतंय’ म्हणणारी माणसं अनेकदा तरुणपणी स्वतःच कुठेतरी अडकलेली असतात.

पाच लाख खर्च कसे करायचे? माणसावर. रोज दोन तास फोन करणारा, एसटीच्या वेळा माहीत असणारा, पेशंटशी त्यांच्या बोलीत बोलणारा एक अर्धवेळ प्रकल्प सहायक. त्यानंतर पेशंटचं जाण्यायेण्याचं भाडं, त्यानंतर किट. लॅपटॉप मागू नका; छोट्या ग्रँटच्या बजेटमध्ये पहिल्या ओळीला लॅपटॉप दिसला की समितीतल्या निदान एकाच्या भुवया वर जातात. खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून करावी लागणार असेल तर अकाउंट्सच्या क्लार्कला आत्ताच विचारून ठेवा, आणि विनियोग प्रमाणपत्राचा (पैसे कसे खर्च झाले ते सांगणाऱ्या कागदाचा) नमुना पहिल्याच दिवशी मागून घ्या. पुढची ग्रँट मिळताना मागचं प्रमाणपत्र वेळेत दिलं होतं का, हे बघितलं जातं.

आयसीएमआरचं म्हणाल तर त्यांच्या अलीकडच्या जाहिरातींत ‘स्मॉल’ ग्रँट म्हणजे दोन कोटींपर्यंत! तिथे आधी केलेलं काम दाखवावं लागतं, आणि चार केस रिपोर्ट म्हणजे ते काम नव्हे. ‘तीस पेशंट घेतले, चोवीस शेवटपर्यंत टिकले, सहा कुठे गेले ते माहीत आहे आणि त्यावर उपाय हा’ हे एक पान चार पेपरांपेक्षा जड आहे. अगदी सहाच पेशंट टिकले तरी तो निकाल लिहिण्यासारखा आहे, कारण पुढचा कोणीतरी त्याच खड्ड्यात दोन कोटी घालणार नाही.

एवढ्याशा पैशांत नाव घेण्यासारखं काही निघतं का, हे तुम्ही विचारलंत. पैशांचा हिशेब मला माहीत नाही, पण प्रश्न किती साधा असू शकतो याचं एक उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. यकृत निकामी होऊन दोन-तीन वर्षांची मुलं दगावायची, त्या आजाराला इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस म्हणत. यकृतात तांबं साठलेलं सापडायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या गटाने आयांना विचारलं: बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं, आणि ते कोणत्या भांड्यात तापवत होतात, ठेवत होतात? आजारी मुलांच्या घरी कल्हई नसलेली पितळी-तांब्याची भांडी फार जास्त निघाली. १९८३ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढे निरोगी मुलांच्या घरांशी ताडून पाहिलं, भांड्यातून दुधात किती तांबं उतरतं तेही मोजलं. घरोघरी स्टील आलं, सल्ला पोचला आणि तो आजार आता क्वचितच दिसतो. पहिल्या पायरीला लागलं होतं ते पातेल्याकडे बघणं. तुमच्याकडे डबी आहे.

या सदराच्या परदेशातल्या वाचकांपैकी, विशेषतः अमेरिकेत पोस्टडॉक करणाऱ्या दोघांनी याच प्रकारची विचारणा केली होती, त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथल्या एनआयडीडीके या (मधुमेह, पचनविकार आणि मूत्रपिंडाच्या आजारांवरच्या) सरकारी संशोधन संस्थेच्या पैशांवर चालणारी सिल्व्हियो कॉन्टे यांच्या नावाची पचनविकार संशोधन केंद्रं काही विद्यापीठांत आहेत. त्यांच्या पायलट अँड फीझिबिलिटी ग्रँट मुख्यतः नवख्या संशोधकांसाठी आणि दुसऱ्या क्षेत्रातून पचनविकारांकडे वळणाऱ्यांसाठी असतात. अर्ज बहुधा त्या केंद्राशी संबंधित विद्यापीठातूनच करावा लागतो. तिथे समिती एकच गोष्ट शोधते: या वर्षाच्या शेवटी हातात काय असेल ज्यावर आरझीरोवन, म्हणजे तिथली मोठी संशोधन ग्रँट, मागता येईल? ते वाक्य पहिल्या पानावर असू द्या. आणि भारतातले नमुने तिकडे नेण्याचा विचार असेल तर इथल्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते. ती वर्षभराच्या ग्रँटमध्ये मावेल असं गृहीत धरू नका.

राहिला संध्याकाळचा दवाखाना. घरच्यांचं चूक नाही. कंत्राटी पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला संशोधनाचं व्रत वगैरे ऐकवायचा मला अधिकार नाही. हे काम नीट करायचं तर आठवड्याचे पाच-सहा तास जातील, आणि छोट्या ग्रँटमधून तुम्हाला स्वतःला एक रुपया मिळणार नाही. दवाखाना आठवड्यातून चार दिवस ठेवता येतो. तेही परवडत नसेल तर यंदा फक्त रजिस्टर मोजा. एथिक्स कमिटीला विचारून त्या मोजणीचाच एक छोटा अहवाल लिहा आणि अर्ज पुढच्या वर्षी करा. तो पर्याय हलका नाही. पण तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तुम्ही मोजायला बसलात की अर्ज करालच.

पाच आठवड्यांपैकी पहिला रजिस्टरला द्या. दुसऱ्यात सर आणि क्षयरोग अधिकारी. एथिक्स कमिटीच्या पुढच्या बैठकीची तारीख आजच फोन करून विचारा, बाकी सगळं त्या तारखेभोवती फिरणार आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लिखाण, आणि इंग्रजीची काळजी सोडा. ज्या इंग्रजीत डिस्चार्ज कार्ड लिहिता, त्याच इंग्रजीत लिहा. छोटी वाक्यं. पाचव्यात तो अर्ज तुमच्या विषयातल्या नसलेल्या एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्या, नेत्रविभागातली चालेल. दुसऱ्या पानावर तिने मोबाईल हातात घेतला तर तिथून पुढे कापा.

तुमची,
सल्लागार

ता. क. डब्या रुंद तोंडाच्या, झाकणाला चमचा असलेल्या घ्या, आणि साठ लागणार असतील तर शंभर घ्या. काही डब्या घरी चुन्याला आणि तपकिरीला वापरल्या जातात, हा माझा अनुभव आहे. नाव लिहायला साधं पेन नको, फ्रीजरमध्ये पुसतं. पेन्सिल किंवा न पुसणारा मार्कर. आणि डबीसोबत काळी पिशवी द्या. एसटीत मांडीवर पारदर्शक पिशवीत ती डबी घेऊन बसायला कोणालाही लाज वाटते. दुसरा नमुना का आला नाही याचं उत्तर पुष्कळदा इतकंच असतं.